कणकेचा गोळा आणि एकेचाळिसावा पडदा

॥ श्री ॥

जो सर्व पाहतो आणि कोणास सांगत नाहीं, त्या परमेश्वरासि प्रथम नमन. जो थोडें पाहतो आणि सर्वांस सांगत सुटतो, त्या मनुष्यासि दुरूनच नमस्कार. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयीं एका राज्यांत जें वर्तमान जाहलें तें येणेंप्रमाणें. राज्याचें नांव लिहूं नये ऐसी ताकीद आहे, आणि लिहिणाराचें नांव कोणीं विचारिलें नाहीं, म्हणोन दोन्ही सोडून पुढें लिहितों.

राजधानीस महाराज सुखरूप होते. वय वर्षें बासष्ट, प्रकृति उत्तम, दांत मात्र स्वतःचे नव्हते. वरची खालची मिळून एक कवळी होती, ती रात्रीं काढून चांदीच्या वाटींत ठेवीत आणि सकाळीं घालीत, आणि मग दरबारास येत. ऐसें असतां एके सकाळीं वाटी आहे आणि कवळी नाहीं. महालांत हलकल्लोळ जाहला. महाराज "शोधा, शोधा" म्हणोन ओरडत होते, परंतु मुखीं दांत नसल्यामुळें तें "सोडा, सोडा" ऐसें ऐकूं आलें, आणि आज्ञाधारक लोकांनीं बंदीशाळेचीं दारें उघडून सतरा चोर सोडून दिले. मग तर राज्यांत खरोखरीच चोर जाहले. तेव्हां नारोपंत दिवाण पुढें सरसावले आणि हात जोडोन बोलिले, "महाराज, राज्यास डोळा नाहीं म्हणोन हें जाहलें. परमुलखीं क्यामेरा म्हणोन वस्तु मिळते. अक्रोडाएवढी असते, भिंतीस लाविली कीं पाहते आणि ऐकते, झोंपत नाहीं, रजा मागत नाहीं. प्रत्येक मानकऱ्याच्या घरीं एकेक बसवूं. मग कवळीच काय, कोणाची टाचणी हरवणार नाहीं." महाराजांनीं मान डोलाविली, कारण बोलण्याची सोय नव्हती. तिसरे दिवशीं कवळी महाराजांच्याच उशीच्या अभ्र्यांत सांपडली. कोणी भीत भीत विचारिलें कीं आतां क्यामेरे कशास? दिवाण बोलिले, "पुढल्या खेपेस अभ्र्यांत न सांपडली तर?" चौसष्ट क्यामेरे आले आणि चौसष्ट घरीं लागले. पहिला मान महाराजांचा, म्हणोन पहिला क्यामेरा महाराजांच्या शयनगृहीं लागला. महाराज अंमळ बिचकले. तेव्हां दिवाण म्हणाले, "आपला नुसता शोभेचा. हा बारीक हिरवा दिवा पाहावा. मीं तो विझविला आहे. दिवा विझला म्हणजे डोळा मिटला." महाराजांनीं दिवा पाहिला, तो विझलेला होता, आणि महाराज निश्चिंत जाहले.

आतां हे चौसष्ट डोळे जें पाहतील तें पाहावें कोणीं? त्यासाठीं नजरखाना नामें नवें खातें काढिलें आणि त्यावर धुंडिराजपंतांस नेमिलें. हे पंत पूर्वी दफ्तरखान्यांत जुन्या कागदांस वाळवी लागूं न देण्याचें काम करीत. वय पंचेचाळीस, पोट पुढें, चष्मा जाड, स्वभाव ऐसा भिडस्त कीं वाळवी दिसली तरी एकदम झटकीत नसत, आधीं खाकरीत. दिवाणांनीं विचार केला कीं हा मनुष्य उलट प्रश्न विचारणार नाहीं, आणि त्यांस नजरनवीस ऐसा किताब दिला. नजरखान्याच्या भिंतीवर चौसष्ट पडदे मांडिले, एकेका पडद्यावर एकेक घर. समोर पंतांची गादी, लोड आणि पानाचा डबा. पडदा पहिला महाराजांचा, दुसरा दिवाणांचा, तिसरा सेनापतींचा, ऐसें उतरत उतरत एकेचाळिसावा पडदा खुद्द पंतांच्याच घरचा होता. त्या सर्व पडद्यांची दुसरी किल्ली दिवाणांच्या मोबाइलांत होती. ती कशास, हें पंतांनीं विचारिलें नाहीं, आणि याचसाठीं त्यांस नेमिलें होतें.

पहिल्याच दिवशीं पंतांनीं पाहिलें कीं महाराजांचा दिवा विझलेला असून पडदा पहिला चांगला चालू आहे. ते उठोन दिवाणांकडे गेले आणि खाकरून बोलिले, "पडदा पहिला दिसतो आहे." दिवाण म्हणाले, "मग पाहूं नका." पंत "बरें" म्हणाले आणि परत येऊन बसले. परंतु भिंतीवर चौसष्ट पडदे असतां त्यांतला एकच न पाहणें हें मनुष्याच्या मानेस जमत नाहीं. मान वळते, आणि वळली कीं दिसतें.

पहिले आठ दिवस पंतांस मोठी मौज वाटली. काय काय पाहिलें! न्यायाधीश घरीं दोन मुलांचें भांडण तोडावयास बसले आणि तिघेहि मिळून रडले. राजज्योतिषी आपलें भविष्य रोज सकाळीं वर्तमानपत्रांत वाचीत आणि त्याबरहुकूम कपडे घालीत. सेनापति हैबतराव, ज्यांच्या मिशा पाहोन शत्रूचीं घोडीं माघारीं फिरत, ते भिंतीवर पाल पाहतांच पलंगावर चढले आणि "आई गं, आई गं" म्हणोन उभ्यानें नाचले, आणि त्यांच्या ऐंशी वर्षांच्या मातोश्रींनीं बसल्या जागेवरून केरसुणी फेंकून पाल हांकलिली. दिवाण आरशापुढें रोज अर्धी घटका जें कांहीं करीत, तें पंतांनीं मरेपर्यंत कोणास सांगितलें नाहीं, सबब तें येथें लिहितां आलें नाहीं, याचें या लेखकास फार वाईट वाटतें. पंत पान खात, पाहत आणि पोट धरून हसत. मग हळूहळू उलटें होऊं लागलें. देवळाच्या वाटेवर न्यायाधीश भेटले, ते गंभीर मुद्रेनें "काय पंत, ठीक?" म्हणाले, आणि पंतांस त्यांचा रडतांनाचा चेहरा दिसला आणि तोंडांतून शब्द फुटेना. ज्योतिष्यांचे कपडे पाहिले कीं त्या दिवशींचें राशिफळ आठवे. पंत वाट बदलून जाऊं लागले. चौसष्ट घरचीं माणसें पाहून पाहून त्यांस एकाहि माणसाच्या डोळ्यास डोळा देतां येईना.

आणि एकेचाळिसाव्या पडद्याचें निराळेंच जाहलें. पंतांचें घर लहान, शेगडी आणि माजघर एकाच खोलींत, त्यामुळें द्वारकाबाई दिवसभर पडद्यावर असत. लग्नास बावीस वर्षें जाहलीं होतीं, परंतु आपण कचेरीस गेल्यावर बायको घरीं काय करते हें पंतांनीं प्रथमच पाहिलें. ती गात होती! वांगीं चिरतां चिरतां मोठ्यानें, आणि बेसूर. खिडकींतल्या कावळ्याशीं सासूशीं बोलावें तसें अदबीनें बोलत होती. एकदां शेजारीण आली तेव्हां पोट पुढें काढून, हात मागें बांधून, पंत चालतात कसे हें चालून दाखविलें आणि वाळवीपुढें खाकरूनहि दाखविलें. पंत इतके हसले कीं पान अंगरख्यावर सांडलें. त्यांस बायको नव्यानें आवडूं लागली, हें त्यांचें त्यांस खरोखर वाटलें, आणि तें खोटें नव्हतें.

त्या सायंकाळीं पंत घरीं आले, तों बाई पाण्याचा तांब्या पुढें करीत म्हणाल्या, "अहो, आज काय झालें ठाऊक आहे का? ती मेली मांजर..." पंत कौतुकानें म्हणाले, "ठाऊक आहे. दुधांत तोंड घातलेंन, तूं लाटणें फेंकलेंस, तें लागलें माठाला, माठ फुटला." बाई म्हणाल्या, "हो," आणि तांब्या खालीं ठेविला. दुसरे दिवशीं म्हणाल्या, "आज माझ्या बहिणीचें पत्र आलें." पंत म्हणाले, "हो, ऐकलें कीं मी. मोठ्यानें वाचलेंस ना. तिच्या म्हशीला रेडकूं झालें." बाई म्हणाल्या, "झालें खरें." तिसरे दिवशीं बाई कांहींच बोलल्या नाहींत, आणि तें पंतांच्या ध्यानांत आलें नाहीं, कारण त्यांस सर्व ठाऊकच होतें.

त्यानंतर एकेचाळिसाव्या पडद्यावरचें गाणें बंद पडलें. द्वारकाबाई डोक्यावरून पदर घेऊन, पाठ ताठ करून, फोटोस बसावें तशा तांदूळ निवडीत बसूं लागल्या. कावळा येई, काव काव करी आणि कांहीं उत्तर नाहीं म्हणोन निघून जाई. शेजारीण आली तरी दोघी कुजबुजत आणि वर भिंतीकडे पाहत. एके दुपारीं बाई तांदुळाचें ताट तसेंच पुढें ठेवून पुष्कळ वेळ रडल्या. पंतांनीं पाहिलें. मग सहाव्या पडद्यावर कोणी सुरई फोडली तिकडे पाहिलें, आणि तो दिवस गेला. असे चार दिवस लोटले, आणि पांचवे दिवशीं दुपारीं पंत पान लावीत असतां एकेचाळिसावा पडदा एकाएकीं पांढरा जाहला, मग करडा जाहला, मग काळा जाहला. काळा होण्यापूर्वीं एक अंगठा पडद्यावर कलिंगडाएवढा दिसला होता. तो पंतांनीं ओळखिला आणि त्यांच्या हातून चुना सांडला. कारण राजाज्ञा स्पष्ट होती कीं जो कोणी राज्याचा डोळा झांकील त्याचें घर जप्त आणि घरधन्यास बंदीशाळा, आणि नजरनविसानें त्याचें नांव सूर्यास्तापूर्वीं वहींत लिहावें.

पंत तसेच अनवाणी घरीं धांवले. पाहतात तों भिंतीवरच्या क्यामेऱ्यावर कणकेचा गोळा थापला आहे आणि खालीं बाई शांतपणें पोळ्या लाटताहेत. "हें काय केलेंस?" पंत ओरडले. "पोळ्या." "अगं, डोळ्यावर!" "पहिली कणीक सैल झाली होती. वायां कशास घालवायची?" "हा राजद्रोह आहे! मला बंदीशाळेंत टाकतील!" बाई म्हणाल्या, "जागा पुष्कळ आहे. सतरा जण सुटून गेले ना?" पंत मटकन् खालीं बसले. मग बाईंनीं लाटणें ठेविलें, हात पुसले आणि त्यांच्यासमोर बसून म्हणाल्या, "ऐका. बावीस वर्षें मी दिवसभर तुमच्यासाठीं गोष्टी जमवीत आलें. कोण आलें, कोण काय म्हणालें, काय सांडलें, काय लवंडलें. संध्याकाळीं तुम्हांला सांगायचें म्हणून. थोडें तिखटमीठ लावायचें, तुम्हीं हसायचें. माझ्यापाशीं दुसरें काय होतें? आतां तुम्हीं सगळें आधींच पाहून येतां. मी सांगूं काय?" बाई पुढें म्हणाल्या, "आणि बरें, पाहतां तरी काय? त्या दिवशीं मी दुपारभर रडलें. पाहिलेंत?" पंत म्हणाले, "पाहिलें." "मग घरीं येऊन विचारलें कां नाहीं?" खरें कारण इतकेंच होतें कीं पाहिलें म्हणजे झालें, ऐसें त्यांस वाटलें होतें. तें बोलण्याजोगें नव्हतें. "कां रडलीस?" ते अगदीं हळू म्हणाले. "तें आतां नाहीं सांगत," बाई म्हणाल्या, आणि पोळी उलटावयास उठल्या, ती करपली होती.

पंत परत आले आणि वही उघडून बसले. सूर्य मावळतीस गेला. पुष्कळ वेळ लेखणी शाईंत बुडवून काढली आणि पुन्हां बुडविली. मग लिहिलें, "पडदा एकेचाळिसावा. ढग." इतक्यांत दिवाण वही पाहावयास आले. वाचून म्हणाले, "पंत, माजघरांत ढग?" पंत खाकरून बोलिले, "जी. आमच्या घरीं सध्यां हवा तशीच आहे." दिवाणांनीं त्यांच्याकडे टक लावून पाहिलें आणि कांहीं न बोलतां गेले, आणि न बोलतां जाणें हें दिवाणांचें फार वाईट लक्षण होतें.

दुसरे दिवशीं सकाळीं राज्यांत स्फोट जाहला. दरबारी मंडळींचा मोबाइलावर एक ग्रुप होता, त्यावर कोणीं सेनापतींचें पालीपुढचें नृत्य पाठविलें. तासाभरांत तें शिपायांपर्यंत गेलें. सेनापति कवाईत पाहावयास मैदानावर आले, तों मागल्या रांगेंतून कोणी बारीक आवाजांत "चुक चुक चुक" केलें, आणि सातशें शिपाई हसूं दाबतां दाबतां भाल्यांसकट थरथरले. सेनापतींनीं घोडा वळविला तो थेट नजरखान्याच्या दारांत आणिला, आणि नंगी तलवार घेऊन आंत आले. "पंत, मान पुढें करा." पंतांनीं खरोखरीच पुढें केली, कारण त्यांस पुढें करा म्हटलेलें पुढें करण्याची संवय होती. मग म्हणाले, "मारा, सेनापति. परंतु मीं पाठविलें नाहीं. मीं पाहिलें मात्र. पाहणें हाहि गुन्हा असेल तर माझा आहे." सेनापतींची तलवार तशीच वर राहिली. किल्ली आणखी कोणापाशीं आहे हें त्यांनीं विचारिलें आणि पंतांनीं सांगितलें. मग सेनापतींनीं तलवार खालीं केली आणि दबक्या आवाजांत विचारिलें, "आणखी काय पाहिलेंत माझ्या घरचें?" पंत म्हणाले, "आपण रोज जेवण झाल्यावर आईसाहेबांचे पाय चेपतां, आणि त्यांस झोंप लागेपर्यंत लहानपणीं त्यांनीं म्हटलेलीं गाणीं त्यांसच म्हणून दाखवितां." हें ऐकतांच तो आडदांड पुरुष लोडाजवळ बसला आणि मिशांवरून पाणी ओघळूं लागलें. म्हणाला, "पालीचें काय, लोक चार दिवस हसतील. पण पंत, आईचे पाय मी कोणास दाखवायला चेपीत नव्हतों." पंतांनीं त्यांस पान लावून दिलें. दोघे पुष्कळ वेळ भिंतीकडे पाठ करून बसले.

त्याच दुपारीं दिवाणांनीं दरबार भरविला. मानकरी जमले, द्वारकाबाईंसहि बोलावणें गेलें, पुरावा म्हणोन कणकेचा गोळा चांदीच्या तबकांत ठेवून आणिला, तो वाळून दगड जाहला होता. दिवाण उभे राहोन बोलिले, "महाराज, या नजरनविसानें सेनापतींची अब्रू घेतली, याच्या बायकोनें राज्याचा डोळा बुजविला, आणि यानें वहींत ढग लिहिले. तिन्ही गुन्हे मिळोन यास जन्मभर बंदीशाळा द्यावी." सेनापति तलवारीवर हात ठेवून उठले, त्यांस महाराजांनीं खूण करून बसविलें. पंतांस मनांत आलें कीं आरशाचें एक वाक्य बोलावें, म्हणजे दिवाण याच क्षणीं भुईंत जातील. तें वाक्य जिभेच्या शेंड्यापर्यंत आलें. परंतु सेनापतींचा चेहरा त्यांस आठवला, आणि तें वाक्य त्यांनीं गिळिलें, आणि मान खालीं घालून उभे राहिले.

महाराजांनीं बाईंस विचारिलें, "डोळा कां झांकला?" द्वारकाबाई पदर सांवरून म्हणाल्या, "महाराज, घर माझें आहे. तेथें मी गाईन, रडेन, नवऱ्याची नक्कल करीन. तें कोणाला दाखवायचें, कोणाला सांगायचें, हें मी ठरवायचें. भिंतीनें नव्हे." दरबारांत कुजबुज जाहली. दिवाण हसून म्हणाले, "बाई, मग कणीक कशास नासविली? नजरखान्यांत अर्ज करायचा, आम्हीं येथून कळ दाबली असती. हिरवा दिवा विझला कीं डोळा मिटला." बाई म्हणाल्या, "दिवा विझला हें मला दिसतें. डोळा मिटला हें कोणीं पाहिलें? कणकेचें तसें नाहीं. ती लावलेली दिसते, हातानें चाचपतां येते, आणि तुमच्या कळीला ती भीक घालीत नाहीं." महाराज म्हणाले, "असें कसें? आमच्या शयनगृहींचा डोळा दिवाणांनीं दिवा विझवून बंद केला आहे. तो बंदच आहे. काय पंत?"

आणि सर्व दरबाराची नजर पंतांकडे वळली. दिवाणांनीं पंतांकडे ऐसें पाहिलें कीं त्यांत धमकी आणि विनवणी दोन्ही होत्या. "बंद आहे" इतकें म्हटलें असतें तर दिवाण कायमचे ऋणी जाहले असते, बंदीशाळा टळली असती, कदाचित् जहागीरहि मिळाली असती. त्यांनीं बायकोकडे पाहिलें. तिच्या नखांत अजून कणीक होती. ती त्यांच्याकडे काळजीनें पाहत होती, आणि तिला त्या क्षणीं काय वाटत आहे हें पंतांस मुळींच ठाऊक नव्हतें, आणि तें जाणून घ्यावें ऐसें फार वाटलें. मग पंत या आयुष्यांत प्रथमच न खाकरतां बोलिले, "महाराज, पडदा पहिला चालू आहे. पहिल्या दिवसापासून. मीं दिवाणांस सांगितलें होतें. आपणांस सांगावयास हवें होतें, तें भयानें सांगितलें नाहीं."

महाराज सावकाश म्हणाले, "चालू आहे. मग तुम्हांस काय दिसलें?" पंत म्हणाले, "महाराज, तें भर दरबारांत बोलणें बरें नव्हे." "बोला, राजाज्ञा आहे." पंत म्हणाले, "काल एकादशी होती, महाराज." महाराजांची मुद्रा पालटली. ते घाईनें बोलिले, "ती शेव नव्हती!" पंत म्हणाले, "महाराज, मीं शेवेचें नांव घेतलें नाहीं." राजज्योतिष्यांनीं उपरणें तोंडांत कोंबलें. न्यायाधीश खांबाकडे तोंड करून हलूं लागले. सेनापति मोठ्यानें खोकले, आणि मागून कोण हसलें हें कळलें नाहीं, पण एक हसला आणि मग धरण फुटावें तसा दरबार फुटला. महाराज प्रथम तांबडे जाहले, मग जांभळे जाहले, आणि शेवटीं स्वतःच हसूं लागले, आणि हसतां हसतां कवळी मांडीवर पडली ती उचलून घातली आणि म्हणाले, "गादीखालींहि थोडी आहे. तीहि पाहिलीत?" पंत म्हणाले, "जी. डब्यांत."

हसणें ओसरल्यावर महाराज गंभीर जाहले आणि बोलिले, "सगळे डोळे काढा आणि नदींत फेंका." तेव्हां सेनापति उठोन म्हणाले, "महाराज, एक विनंति. माझी आई ऐंशीची. मी छावणीवर असतां ती मोरींत पडली तर कोण पाहील? मला तो डोळा हवा आहे. पण मी घरांत असलों म्हणजे नको." मग द्वारकाबाईच म्हणाल्या, "झांकण करा, महाराज. साधें, हातानें सरकणारें. डोळा राहील, झांकणहि राहील. ज्याचें घर त्याच्या बोटानें उघडेल, त्याच्याच बोटानें मिटेल. मिटलें कीं खरेंच मिटलें, कोणाच्या मोबाइलानें उघडत नाहीं." महाराजांनीं त्याच जागीं सटवाजी तांबटास बोलाविलें. हा मनुष्य हांड्याकळशांस झांकणें करी, त्यास डोळ्यास झांकण करणें म्हणजे पोरखेळ. त्यानें तांब्याचीं चौसष्ट झांकणें घडविलीं, नखानें ढकललें कीं टिक ऐसा आवाज होऊन बसत. आवाज मिटतांना व्हावा कीं नाहीं हें त्यानें बाईंस विचारिलें, आणि बाई म्हणाल्या, "होऊं दे. मिटल्याचें कानालाहि कळूं दे." राजाज्ञा निघाली कीं झांकण ज्याचें त्याचें, आणि तें बंद कां, हें विचारील त्याचें तोंड बंद. पहिलें झांकण शयनगृहीं लागलें. महाराजांनीं स्वतः चढून तें नऊ वेळां मिटून पाहिलें. नारोपंतांची दिवाणगिरी गेली आणि त्यांस झांकणतपासनीस नेमिलें, घरोघरीं जाऊन झांकण घट्ट बसतें कीं नाहीं हें पाहावें आणि प्रत्येक घरीं दोनदां क्षमा मागावी, एकदां येतांना आणि एकदां जातांना. स्वतःच्या घरचें झांकण त्यांनीं मात्र कोणी सांगण्याआधींच, आरशाकडे एकदां पाहून, लावून टाकिलें.

नजरखान्यांतले पडदे एकेक करून काळे जाहले. कोठें एखादें घर गांवीं जातांना झांकण उघडून जाई, सेनापति छावणीस निघतांना आईस विचारून उघडीत, बाकी भिंत काळी. पंत पान लावून तिच्यापुढें बसत, आणि त्यांस तें फार आवडे. वाटेंत न्यायाधीश भेटले तर त्यांस "ठीक" म्हणतां येऊं लागलें. एकेचाळिसावा पडदा कधींच उघडला नाहीं. पहिल्या संध्याकाळीं पंत घरीं येऊन पाटावर बसले आणि म्हणाले, "आज काय झालें?" बाई म्हणाल्या, "कांहीं नाहीं." दुसऱ्या संध्याकाळीं विचारिलें, तेव्हांहि कांहीं नाहीं. तिसऱ्या संध्याकाळीं पंतांनीं आजचें न विचारतां विचारिलें कीं त्या दुपारीं कां रडलीस, आणि मग उत्तर येईपर्यंत बसून राहिले, पडद्याकडे पाहावें तसे नव्हे, तिच्याकडे. दिवेलागण होऊन गेली तेव्हां बाईंनीं सांगितलें. तें त्या दोघांतलें आहे, येथें लिहिलें नाहीं. चौथ्या संध्याकाळीं पंत घरीं आले, तों द्वारकाबाई तांब्या पुढें करीत स्वतः होऊन म्हणाल्या, "अहो, आज काय झालें ठाऊक आहे का?" पंत म्हणाले, "नाहीं." बाई म्हणाल्या, "खिडकीशीं हत्ती आला होता." आतां राज्यांत हत्ती एकच, तो पायानें अधू, आणि गेलीं सहा वर्षें हत्तीखान्याच्या बाहेर आला नव्हता, हें पंतांस दफ्तरांतून पक्कें ठाऊक होतें. त्यांनीं तांब्या तोंडास लाविला, पाणी पिऊन मिशा पुसल्या आणि पुढें सरकून बसले. म्हणाले, "मग?"

येणेंप्रमाणें नजरखान्याचें वर्तमान समाप्त. चौसष्ट डोळे आले, चौसष्ट झांकणें आलीं, राज्य पूर्वीं होतें तितकेंच सुरक्षित राहिलें आणि लोक पूर्वींपेक्षां मोठ्यानें गाऊं लागले. हत्ती खरोखर आला होता किंवा कसें, याचा तपास करणें कोणाच्याच अखत्यारींत राहिलें नाहीं. लेखनसीमा.